वसतिगृहात मासे शिजत नव्हते

सर, परवा तुमच्या शोकसभेत चौघांनी तुम्हाला निर्भीड म्हटलं. पाचव्याने सत्यनिष्ठ म्हटलं. व्यासपीठावर तुमचा फोटो होता, त्याला मोगऱ्याचा जाड हार, आणि शेजारी आपल्या कॉलेजच्या तेव्हाच्या प्राचार्य बाई. त्या रडल्या. खरंच रडल्या असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मी मागच्या रांगेत बसून फोटोकडे बघत होते आणि वाटत होतं, आता तुम्ही चष्मा कपाळावर सरकवाल आणि त्या पाचव्याला तुमच्या तंजावरी मराठीत विचाराल, "तुज कोण सांगितलं?"

सभा संपल्यावर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सचिवांनी मला गाठलं. मंडळाच्या अंकासाठी दोन पानं हवी होती. म्हणाले, "हृद्य आठवणी लिहा. तुम्ही रावसरांच्या लाडक्या विद्यार्थिनी होतात." होते. म्हणूनच लिहायला बसले आहे. हृद्य होईल की नाही, सांगता येत नाही.

तुमच्या वर्गातला पहिला दिवस मला लख्ख आठवतो. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या कॉलेजात वार्ताहर होण्याच्या पदविकेला आम्ही बावीस जण होतो. तुम्ही आलात, स्वतःचं नाव सांगितलं नाहीत, फळ्याकडेही वळला नाहीत. म्हणालात, "आज सकाळी कॉलेजची मागची भिंत पडली. एक सायकल चेपली. दहा मिनिटांत बातमी लिहा." आम्ही माना खाली घालून लिहायला लागलो. मी तर 'सुदैवाने जीवितहानी टळली' असंही लिहून टाकलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक सावळी, किडकिडीत मुलगी उठली आणि काही न विचारता बाहेर गेली. पंधरा मिनिटांनी परत आली. चपला धुळीने माखलेल्या. दारातूनच म्हणाली, "सर, भिंत उभी आहे."

तुम्ही आमचे एकवीस कागद गोळा केलेत आणि आमच्यासमोर टोपलीत टाकलेत. "वर्गात वार्ताहर एक," तुम्ही म्हणालात, "बाकी टंकलेखक."

ती सेल्वी. शहराबाहेरच्या, समुद्रकाठच्या कोवलमची. वडील होडीवर जायचे, आई मासे विकायची. घरातली पदवी घेतलेली पहिली मुलगी. मी अंबत्तूरची, म्हणजे तिथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात बाबांची पुण्याहून बदली झालेली. हजेरी घेताना माझं आडनाव वाचून तुम्ही थांबलात आणि सगळ्या वर्गासमोर मराठीत विचारलंत, "तूं आपल्यांतलीच काय?" वर्ग हसला. तुमची मराठी कानाला तमिळच वाटायची. तुमचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. महाराष्ट्र तुम्ही एकदाच पाहिला होता, तोही लग्नाच्या वऱ्हाडात. मी तुमच्या बोलण्यातल्या चुका काढल्या की म्हणायचात, "तुमची मराठी पेपरांतली. आमची पूर्वज ठेवून गेले ती. कोणाची खरी, ते तूं कोण ठरवणार?"

मांबलमच्या तुमच्या घरी काकूंनी मला पहिल्यांदा अंबट भाजी वाढली. वरून तिळाचं तेल. ह्या शहरात आईबाबांशिवाय माझं कोणी नाही असं वाटण्याचे दिवस होते ते, सर. त्या पानावर मला माणसं मिळाली. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं लिहिणं सोपं गेलं असतं.

आणि शिकवलंत तर असं, की आज मी त्या धंद्यात नसूनही हात तसेच चालतात. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. उजवीकडचं डावीकडे आणता आलं नाही तर ते छापायचं नाही. माणसाचं नाव त्याच्याच हातून लिहून घ्यायचं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय मजकूर खाली ठेवायचा नाही. आणि चूक झाली तर चूक जिथे छापली त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापायची. "माफी म्हणजे कोपऱ्यांत लपवायची वस्तू नव्हे," असं तुम्ही म्हणायचात. हे वाक्य मी वहीत डावीकडे लिहिलं होतं. तुम्हाला ते म्हणताना मी स्वतः पाहिलं होतं ना.

मग तो त्सुनामीचा डिसेंबर आला आणि समुद्र आत आला. सेल्वीची माणसं वाचली. होडी गेली, जाळी गेली, घराची एक बाजू गेली. दोन आठवड्यांनी ती वर्गात आली तेव्हा तिच्याकडे वही नव्हती. तुम्ही तुमची कोरी वही तिला दिलीत. तेव्हा मला तुमचा किती अभिमान वाटला होता.

जानेवारीत होड्या पुन्हा पाण्यात जायला लागल्या आणि त्याच वेळी मोबाइलवर ते संदेश फिरू लागले. मासे खाऊ नका, समुद्रात प्रेतं आहेत, मासे ती खातात, अमक्या ठिकाणी अमके दगावले. कोणी पाठवले माहीत नाही. सगळ्यांना आले आणि सगळ्यांनी पुढे पाठवले. आमच्या घरी रविवारी मासे व्हायचे, आईने बंद केले. "उगाच कशाला विषाची परीक्षा," म्हणाली.

त्या वर्षी विभागाच्या चार पानी इंग्रजी मासिकाची विद्यार्थी संपादक मी होते. अंक छापायला जायच्या दिवशी तिसऱ्या पानावर एक जागा रिकामी राहिली. वर्गातली एक मुलगी म्हणाली, वसतिगृहातल्या मुली उलट्यांनी आजारी पडल्यात, मासे खाल्ले म्हणे. मी तिथल्या तिथे लिहून काढलं: 'मासे खाल्ल्याने वसतिगृहातील विद्यार्थिनींना विषबाधा'. खाली 'आमच्या प्रतिनिधीकडून'. अर्ध्या तासात तयार. वसतिगृह आमच्या खोलीपासून जेमतेम दोनशे पावलांवर होतं.

मी ते तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही वाचलंत. एक स्वल्पविराम काढलात, 'भयंकर' हा शब्द खोडलात आणि खाली सही केलीत.

त्या दिवशी तुम्ही मला 'तुज कोण सांगितलं?' असं विचारलं नाहीत, सर. वर्षभर ऊठसूट विचारत होतात आणि त्या दिवशी नाही.

का नाही विचारलंत, ह्यावर मी बरीच वर्षं डोकं शिणवलं. घाई होती, हे खरं. पण घाई तर दर महिन्याला असायची. मला वाटतं, ती बातमी तुम्हाला खरी वाटली, कारण तुमच्या घरात मासा कधी आलाच नव्हता. मासे खाऊन माणसं आजारी पडतात, ह्यात तुम्हाला विचारण्यासारखं काही दिसलं नाही. आणि मला दिसलं नाही, कारण माझ्या आईने मासे बंद केले होते आणि ती शहाणी ठरावी असं मला वाटत होतं. आपण दोघांनी आपापली समजूत छापली. जाळं कोणाचं, टोपली कोणाची, ते आपल्या डोक्यातही आलं नाही.

आपलं मासिक आसपासच्या दुकानांतही फुकट जायचं. मुली ते घरी न्यायच्या. सेल्वीची आई रोज पहाटेच्या बसने कोवलमहून तिरुवान्मियूरला यायची आणि तिथल्या सोसायट्यांमध्ये टोपली घेऊन फिरायची. आठ-दहा वर्षांची ठरलेली गिऱ्हाइकं. एका सकाळी एका फाटकावर वॉचमनने तिला आत सोडलं नाही. फाटकाला एक कात्रण चिकटवलेलं होतं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने ते अलगद काढलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि घरी नेऊन मुलीला म्हणाली, "ह्यात काय लिहिलंय, वाच."

दुसऱ्या दिवशी सेल्वी माझ्या बाकापाशी आली. कात्रण माझ्यासमोर ठेवलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"तू गेली होतीस?"

"कुठे?"

"वसतिगृहात."

"नाही."

ती पहिल्या दिवशीसारखीच बाहेर गेली. दोन दिवस वर्गात आली नाही. ती आजारी मुलींशी बोलली, त्यांना तपासलेल्या डॉक्टरांशी बोलली, मेसच्या स्वयंपाक्याशी बोलली, गच्चीवरची टाकी धुवायला आलेल्या माणसाशी बोलली. मेस पहिल्यापासून शाकाहारी होती. त्या स्वयंपाकघरात मासा कधी शिजलाच नव्हता. मुली टाकीच्या पाण्याने आजारी पडल्या होत्या. टाकीचं झाकण फुटलं होतं आणि आत मेलेलं कबुतर सापडलं होतं. हे वसतिगृहाच्या व्यवस्थापनाला माहीत होतं. आपली बातमी आल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

एक प्रश्न, सर. 'आज जेवायला काय होतं?' एवढा एक प्रश्न मी त्या स्वयंपाक्याला विचारला असता तरी पुरे होतं.

सेल्वीने लिहिलेला मजकूर तुम्ही माझ्यासमोर तपासलात. तुमचं काम मी अनेकदा पाहिलं होतं, पण त्या दिवसासारखं नाही. तुम्ही तिच्या वाक्यांना हात लावतच नव्हता. एका ठिकाणी क्रम बदललात, एके ठिकाणी डॉक्टरांचं नाव पुन्हा विचारून घेतलंत. शेवटी पेन ठेवून म्हणालात, "ह्यांत एक शब्द जास्त नाही." ती पहिल्यांदा हसली. तुम्ही म्हणालात, "पुढच्या अंकांत. तिसऱ्या पानावर. त्याच अक्षरांत."

पुढच्या अंकात तिसऱ्या पानावर स्नेहसंमेलनाचे फोटो आले.

मधल्या दिवसांत काय झालं ते मला माहीत आहे, कारण प्राचार्य बाईंनी मलाही बोलावलं होतं. मजकूर त्यांच्यापर्यंत कसा गेला हे मी विचारलं नाही. बहुधा तुम्हीच दाखवला असेल, ज्याच्यावर आरोप त्याला विचारायचं म्हणून. त्या शांतपणे बोलल्या. पालक घाबरतील, संस्थेचं नाव जाईल, टाकी तर आता धुतलीच आहे, मग उगाळायचं कशाला. तुम्ही त्यांच्या समोरच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसला होता. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही टेबलावरच्या काचेखालच्या वेळापत्रकाकडे बघत होता.

सेल्वी थांबली नाही. तिने तो मजकूर तमिळमध्ये उतरवला, झेरॉक्स काढल्या आणि आई जिथे मासे विकायची त्या फाटकांवर चिकटवल्या. एक प्रत कॉलेजच्या सूचनाफलकावर लावली. फाटकांवरच्या वॉचमननी फाडल्या. सूचनाफलकावरच्या प्रतीने तिचं वर्ष घेतलं.

कॉलेजने तिला दिलेलं पत्र एका पानाचं होतं. परवानगीशिवाय संस्थेची बदनामी करणारा मजकूर लावला म्हणून सत्र संपेपर्यंत निलंबन. म्हणजे हजेरी अपुरी, म्हणजे परीक्षा नाही. त्याखाली प्राचार्यांची सही होती, मासिकाचे सल्लागार म्हणून तुमची होती. आणि सोबत एक निवेदन होतं, की मूळ बातमी विश्वसनीय सूत्रांकडून मिळालेली होती. त्यावर विद्यार्थी संपादकाची सही हवी होती. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तुमचं पेन माझ्यापुढे धरलंत.

मी केली सही. मला कोणी धमकावलं नव्हतं. मला परीक्षा द्यायची होती आणि तुमच्या मर्जीतून उतरायचं नव्हतं. हे मी इथे लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, सगळं सरांनी केलं.

सेल्वी तिच्या पिशवीत दोन पुस्तकं आणि तुमची ती वही भरून गेली. फाटकापर्यंत मी तिच्यामागे गेले. म्हटलं, "सेल्वी, मी..." ती वळली आणि म्हणाली, "तुला बस आहे ना? जा." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे मी एका दैनिकात वर्षभर काम केलं. प्रत्येक मजकुरावर सही करताना हात अडायचा, म्हणून सोडलं. आता अंबत्तूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत यंत्रं कशी वापरायची त्याच्या पुस्तिका लिहिते. तिथे खोटं लिहिण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते कोणी वाचत नाही. तुम्ही मला त्यावरून टोचायचात. "तुज एवढं शिकवलं ते बटणं दाबायला सांगायला काय?" असं म्हणायचात. त्यावरूनच एकदा आपलं भांडण झालं, तुमच्या घरी, जेवायच्या पानावर.

मी विचारलं, "तुम्ही का नाही छापलंत?"

तुम्ही घास खाली ठेवलात. "छापलं असतं तर पत्र बंद पडलं असतं. पत्र राहिलं, तर पुढची पोरं शिकतील."

"काय शिकतील, सर?"

काकू सार घेऊन आल्या आणि आपल्या दोघांच्या तोंडांकडे बघून परत आत गेल्या. तुम्ही पानातला भात बोटांनी सारखा केलात. मग म्हणालात, "भात गार होतोय." ते भांडण तिथेच राहिलं. पुढच्या प्रत्येक भेटीत ते आपल्या दोघांमध्ये बसलेलं असायचं आणि आपण त्याच्या डोक्यावरून क्रिकेट, पाऊस, तुमच्या मुलीचं सासर असं काहीबाही बोलायचो.

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला आता कळतं. पत्र चालू राहिलं. त्या पत्रातून शिकलेली पोरं आज चांगल्या ठिकाणी आहेत. शोकसभेत त्यांनीच तुम्हाला निर्भीड म्हटलं. त्यांना हे काही माहीत नाही. आणि हेच मला सलतं, की तुमच्या त्या हिशेबात जी पुढची पोरं होती त्यांच्यासाठी समोरची पोरगी तुम्ही खर्ची घातलीत. वर्गातला एकुलता वार्ताहर.

तुम्ही जायच्या दहा दिवस आधी तुमचा फोन आला होता. आवाज खोल गेला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणालात, "सेल्वी भेटती काय तुज?"

"कधीतरी फोन होतो."

"बरी आहे काय?"

माझ्यात काय संचारलं कोण जाणे. म्हटलं, "तुम्हीच विचारा ना. नंबर देऊ?"

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "दे." मी एकेक आकडा सांगितला, तुम्ही एकेक परत म्हटलात. शेवटचा आकडा दोनदा विचारून घेतलात.

तुम्ही गेल्याचं मीच सेल्वीला कळवलं. ती आता कोवलममध्येच राहते. बाहेरून परीक्षा देऊन पदवीपुढचं काही करायचं राहून गेलं. किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये बुकिंग सांभाळते. मी विचारलं, "सरांचा फोन आला होता का तुला?" ती म्हणाली, "नाही." मग तिनेच विचारलं, "फार त्रास झाला का त्यांना शेवटी?" मी नाही म्हटलं. ते मी पाहिलेलं नव्हतं, काकूंकडून ऐकलेलं होतं, आणि तसं तिला सांगितलं.

शोकसभेला ती आली नाही. मी तिथे चार शब्द बोलणार होते. सूत्रसंचालक हळूच येऊन म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं, आणि प्लीज चांगलंच बोला." मी तुमच्या वहीतल्या रेघेबद्दल बोलले. टाळ्या पडल्या. खाली येऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते. तेव्हा त्या निवेदनावर सही केल्यावर तापले होते तसेच.

म्हणून इथे लिहिते, ज्यांनी ती बातमी वाचली होती आणि ज्यांनी नव्हती, त्या सगळ्यांसाठी. आमच्या मासिकाने छापलेली माशांच्या विषबाधेची बातमी खोटी होती. वसतिगृहाच्या मेसमध्ये मासे शिजत नव्हते. मुली टाकीच्या पाण्याने आजारी पडल्या. ती बातमी न विचारता मी लिहिली आणि न विचारता रावसरांनी घेतली. खरी बातमी सेल्वीने आणली होती. ती छापली गेली नाही आणि तिला शिक्षा झाली.

हे लिहून झाल्यावर काल रविवारी मी कोवलमला गेले. तिचं नाव छापायचं तर तिला विचारायला हवं होतं. सेल्वी आणि तिची आई ओट्यावर बसल्या होत्या, आई वाळलेल्या जाळ्याची भोकं शिवत होती. मराठी दोघींना येत नाही. मी एकेक वाक्य तमिळमध्ये सांगत गेले. काकूंनी वाढलेल्या अंबट भाजीपाशी सेल्वी जरा हसली. वहीपाशी तिने मान वळवली. शेवटी म्हणाली, "माझं नाव राहू दे. चुकीचं काही नाही."

आई इतका वेळ मान वर न करता शिवत होती. तिने विचारलं, "हे कुठे येणार?"

"आमच्या मराठी लोकांच्या अंकात."

"तिरुवान्मियूरच्या त्या घरांत जातो तो?"

"नाही, अम्मा."

तिने दोरा दातांनी तोडला. "तेव्हा आणलं असतंस," ती म्हणाली, "तर एखाद्या घरी तरी दाखवलं असतं."